दुसरी डिस्क

बबिता खंदारे चोर नव्हती. एवढं साधं वाक्य लिहायला मला आठ महिने लागले, आणि लिहिलं तेही इथं, जिथं त्याचा तिला काडीचा उपयोग नाही.

मी नागेश. गंगाखेडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा सहायक. पगार बेताचा, पण तोरा फार. गावातले झाडून सगळे चोरीची विंडोज वापरतात आणि व्हायरस आला की माझ्याकडे रडत येतात. मी लिनक्सवाला. फुकट आणि खुली प्रणाली, जिचा आतला कोड कुणीही उघडून वाचावा. मी तो कधी वाचला नव्हता, पण वाचता येतो याचाच मला केवढा अभिमान! चहाच्या टपरीवर सुद्धा मी हा विषय काढायचो आणि लोक ग्लास घेऊन दुसऱ्या बाकावर जायचे.

भक्तीताईंच्या संस्थेनं मला बोलावलं ते या तोऱ्यामुळंच. ताई निवृत्त शिक्षिका. दसरा झाला की पालम-गंगाखेडकडची माणसं टोळ्या करून ऊसतोडीला जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा बायकांच्या पोटात सांगण्यासारखं पुष्कळ साठलेलं असतं. ताई ते रेकॉर्ड करून ठेवायच्या. नावानिशी, गावानिशी, कोणत्या मुकादमानं काय केलं त्यासकट. पुढंमागं कोर्टात नाहीतर आयोगापुढं उपयोगी पडेल म्हणून.

रेकॉर्ड करायची बबिता. पालमच्या पुढच्या एका खेड्यातली, बी.ए. झालेली. आईबाप दोघं कोयत्यावर जाणारे, म्हणजे नवराबायकोची जोडी मिळून ऊस तोडणारे. कोयता हातात न धरलेली त्या घरातली ही पहिली मुलगी. बायका ताईंसमोर पदर सावरून बसायच्या आणि "सगळं बरं हाय" म्हणायच्या. बबिता शेजारी मांडी घालून बसली की तासभर बोलायच्या.

मी त्यांना मशीन उभं करून दिलं तेव्हा दोन गोष्टी केल्या. एक, अख्ख्या डिस्कला एन्क्रिप्शनचं कुलूप. पासवर्ड टाकला तर फाईली दिसतात, नाही टाकला तर आत नुसता भुस्सा. दोन, त्या कुलपाच्या आत व्हॉल्यूम मॅनेजर बसवला. त्याची खुबी अशी, की जागा कमी पडली तर नवी डिस्क जोडायची आणि मशीनला सांगायचं, बाबा रे, हे दोन्ही मिळून एकच समज. वापरणाऱ्याला फरक कळतही नाही. पासवर्ड टाकायच्या वेळी मी मुद्दाम पाठ फिरवून उभा राहिलो. ताईंना आणि बबिताला म्हणालो, "मलासुद्धा माहीत नको. आता हे तुम्ही दोघी सोडून जगात कुणी उघडू शकत नाही."

दोन वर्षांत डिस्क भरली. ताईंनी दुसरी आणवून ठेवली. नियम असा आहे, की नवी डिस्क आधी कुलपात घालायची आणि मगच जुन्या गटात जोडायची. माझी तर त्याहून सोवळी पद्धत होती. कुलूप घालायच्या आधी मी अख्खी डिस्क वेड्यावाकड्या आकड्यांनी भरून काढायचो. त्याला सहा तास लागतात. त्या दिवशी चार तास झाले आणि लाईट गेली. इन्व्हर्टरनंही मान टाकली. लाईट साडेपाचला आली, दुसऱ्या दिवशी सकाळीच सेलूकडच्या बायकांची रेकॉर्डिंगं भरायची होती. मी म्हटलं, आज नुसती जोडतो, रविवारी येऊन नीट करू.

रविवारी क्रिकेटची मॅच होती. त्याच्या पुढच्या रविवारी मला आठवलंही नाही.

मशीन सुरू केलं की ते पहिल्यासारखाच पासवर्ड विचारायचं. विचारतंय म्हणजे कुलूप आहे, असं त्यांना वाटलं. त्यांचं जाऊ द्या, मलाही तसंच वाटायला लागलं. शेजारचा तुकडा घेऊन मधला बांध फोडावा आणि कुंपण मात्र जुन्याच तुकड्याला ठेवावं, तशातली गत. फाटकात येणाऱ्याला कुलूप दिसायचं, आणि मागून मोकळं रान होतं. त्या दिवसानंतरची सगळी रेकॉर्डिंगं त्या मोकळ्या रानातच जाऊन पडत होती, कारण पहिल्या डिस्कवर जागाच नव्हती.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात संस्थेला देणगीतून नवं मशीन मिळालं. मी सगळ्या फाईली त्यावर घेतल्या, या वेळी अगदी नियमानं कुलूप घालून. जुनं मशीन गंगाखेडातल्या पप्पूच्या कॉम्प्युटरच्या दुकानात द्यायचं ठरलं. आमच्याकडं जुनं काही फेकत नाहीत. जुनं देऊन नव्या प्रिंटरवर सूट घेतात. मी वायरी काढत होतो तेव्हा बबिता म्हणाली, "सर, एकदा पुसून द्या की. बायांचं बोलणं हाय त्याच्यात."

मी हसलो. मला ते हसणं अजून आठवतं आणि माझंच तोंड फोडावंसं वाटतं. म्हणालो, "अगं, कुलूप कशाला असतं? पप्पूच्या सात पिढ्या बसल्या तरी उघडायचं नाही. पुसायला लागतं ते तुमच्या विंडोजला."

तिनं सुटलेल्या वायरी गुंडाळायला घेतल्या. सर म्हणतायत म्हणजे खरंच असणार.

जानेवारीत कोल्हापूरकडच्या एका फडावर, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. आता प्रत्येक ट्रॅक्टरवर बैलाच्या डोक्याएवढे स्पीकर असतात. दोन डीजे गाण्यांच्या मधे केशरबाईचा आवाज आला. केशरबाई बबिताच्या गल्लीतली, वैजीनाथ मुकादमाच्या टोळीत वीस वर्षं ऊस तोडणारी. स्पीकरवरून ती सांगत होती, की गेल्या हंगामात तिच्या सुनेला फडातच रक्त जायला लागलं, आणि वैजीनाथनं ट्रॅक्टर पूर्ण भरल्याशिवाय दवाखान्याकडं हलू दिला नाही. पोटातलं लेकरू गेलं. हे सगळं खुद्द वैजीनाथ समोर उभा असताना, चाळीस कोयत्यांच्या देखत. गाऱ्हाणं त्याच्याविरुद्ध आणि पोटासाठी टोळीही त्याचीच, हे ज्यांना विचित्र वाटतं त्यांनी एकदा दसऱ्यानंतर पालमच्या स्टँडवर येऊन उभं राहावं.

वैजीनाथनं त्याच दिवशी केशरबाई, तिचा मुलगा महारुद्र आणि सून या तिघांना भांड्याकुंड्यासकट रस्त्यावर काढलं. अर्ध्या हंगामात. त्यानंतर तालुक्यातला कोणताच मुकादम त्यांना घ्यायला तयार होईना. हे रेकॉर्डिंग तुला मिळालं कसं, असं कुणी वैजीनाथला विचारलं की तो मिशीवरून बोट फिरवायचा. "संस्थेत बी आपला मानूस हाय," म्हणायचा. त्याला स्वतःलाही काही माहीत नव्हतं. पण मुकादमाला माहीत नाही असं कसं म्हणायचं?

फेब्रुवारीत ताईंनी बैठक बोलावली. मला विचारलं, "नागेश, पासवर्डशिवाय कुणी फाईल काढू शकतं का?"

"शक्यच नाही," मी म्हणालो.

बबिता समोरच बसली होती. म्हणाली, "सर, ते जुनं मशीन पप्पूकडं दिलं होतं..."

"त्यालाही तेच कुलूप होतं," मी तिला पुढं बोलू दिलं नाही. "ब्रह्मदेव आला तरी पासवर्डशिवाय उघडणार नाही."

पासवर्ड दोघींकडंच. ताई तर स्वतःच्या संस्थेतलं रेकॉर्डिंग मुकादमाला विकणार नाहीत. राहिली कोण? ताईंनी कागद लिहिला आणि मी तांत्रिक जाणकार म्हणून खाली सही केली. त्यात स्पष्ट होतं: पासवर्ड फक्त संस्थेच्या अध्यक्षा आणि कु. बबिता सटवाजी खंदारे यांनाच ठाऊक होता, पासवर्डाशिवाय डिस्क उघडणे अशक्य आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तिथं फाशीचा दोर मीच वळून दिला. एवढ्यावर भागलं नाही. ताईंबरोबर मी तिच्या गावात गेलो, विहारात लोकांसमोर उभा राहिलो आणि तेच पुन्हा सांगितलं, ब्रह्मदेवासकट. बुद्धविहारात उभं राहून मी ब्रह्मदेवाच्या शपथा खातोय याचंही मला भान नव्हतं. लोक मात्र ऐकत होते. शिकलेला माणूस बोलत होता ना!

बबिताचं काम गेलं. ते एकवेळ चाललं असतं. पण रविवारच्या वंदनेला ती येऊन बसली की तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहायला लागली. हापशावर ती घागर घेऊन आली की बायकांच्या घागरी भरलेल्या असायच्या. हे मला पुढं कळलं. तेव्हा मी विचारलंही नव्हतं.

सप्टेंबरात कॉलेजात गणपती बसला. गाणी भरून आणायचं काम माझ्याकडं. मी पप्पूकडं गेलो, पेनड्राईव्ह दिला, तासाभरानं भरून घेतला. पप्पू गाण्यांचा मोठा व्यापारी. ऊसतोडीला जाणारी माणसं, ट्रॅक्टरवाले, सगळे त्याच्याकडूनच पेनड्राईव्ह भरून नेतात. मी लॅबमध्ये येऊन एकेक गाणं लावून बघत होतो, काही आचरट नको म्हणून. तीस-पस्तीस गाणी झाली. मग एक फाईल आली, नाव नाही, नुसता आकडा. लावली.

"मावशी, नाव सांगा तुमचं," बबिताचा आवाज होता. "भिऊ नका. सरांनी कुलूप घातलंय. हे कुठंच जात न्हाई."

मी फाईल बंद केली. लॅबचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पूच्या दुकानात गेलो. तो चहा पीत होता. कशातच काही लपवायचं नसलेल्या माणसासारखा त्यानं सांगितलं. जुनी डिस्क आली की तो तिला विकण्याआधी पुसलेल्या फाईली परत काढायचं सॉफ्टवेअर लावतो आणि निघतील तेवढी गाणी काढून घेतो. फुकटचा माल. निघालेल्या फाईलींना नावं नसतात, आकडे असतात. हजारो. ऐकत कोण बसणार? गिऱ्हाईक आलं की मूठमूठ भरून देतो.

"पण त्या मशीनला कुलूप होतं," मी म्हणालो.

"एकीला व्हतं, सर. तिच्यातून काईच निघालं न्हाई, फॉरमॅट मारून सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्ब्यात टाकली. दुसरी तर साफ उघडीच व्हती. तुमालाच म्हाईत असंल की." तो बशी खाली ठेवत म्हणाला. "त्याच्यात बायांचं काईतरी रडगाणं बी निघालं म्हनं. एक-दोन गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या. मी म्हनलं, आसंल कोनतं तरी नाटक."

कुणी विकलं नव्हतं. कुणी घेतलं नव्हतं. वैजीनाथच्या ट्रॅक्टरवाल्यानं फक्त गाणी भरून घेतली होती. बाकी सगळं मी केलं होतं, एका संध्याकाळी, एका कमांडनं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल रिकामा दुसऱ्याचा झाला.

उरलेल्या फाईली मी समोर उभा राहून पुसून घेतल्या आणि तडक ताईंकडं गेलो. सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. हे मी स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही. ताईंनी चष्मा काढला, डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग आता सांगू नकोस. एका मुलीनं बेइमानी केली, हे लोकांनी पचवलं. संस्थेनंच बायकांचे आवाज गाण्यांच्या दुकानात दिले, हे कुणी पचवणार नाही. उद्या एक बाई आपल्यासमोर तोंड उघडणार नाही. देणगीदार जातील ते वेगळंच. आणि कॉलेजात तुझी नोकरी अजून कायम झाली नाही ना?"

"पण बबिता..."

"तिचं मी बघते. दिवाळीनंतर तिला कुठंतरी लावून देऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची, नागेश."

मला त्यांचा राग आला, आणि त्या रागाच्या खाली सुटका वाटली. दुसरं आधी वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. मी महिनाभर गप्प बसलो.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कुणीतरी सहज बोलताना म्हणालं, की खंदाऱ्याची बबिता या साली कोयत्यावर चाललीय. आईचे गुडघे गेलेत, म्हणून बापाच्या जोडीला ती. मी सकाळच्या एसटीनं पालमला उतरलो, तिथून जीपनं तिच्या गावात गेलो. वरातीमागून घोडं. गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या कोणत्या तरी मुकादमाचा ट्रॅक्टर उभा होता. माणसं पत्र्याच्या पेट्या आणि सरपण चढवत होती. बबिता एका पोत्याचं तोंड सुतळीनं शिवत होती. मला बघून उठली. जुन्या सवयीनं "बसा सर" म्हणाली, पण बसायला काही उरलं नव्हतं, सगळं बांधून झालं होतं.

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दुसरी डिस्क, लाईट, रविवार, पप्पू.

"मी चोर न्हाई, हे मला तर म्हाईतच होतं," ती शेवटी म्हणाली. "तुमाला कधी कळलं?"

"गणपतीत."

"आता दसरा झाला, सर."

तिनं पोत्यात सुई खोवून ठेवली. "मला सांगून काय उपेग? तिकडं सांगा," म्हणाली आणि मला चार घरं पलीकडं केशरबाईच्या दारात घेऊन गेली.

केशरबाई उंबऱ्यावर बसून तूर निवडत होती. तिच्या घरासमोर ना पेटी होती, ना पोतं. त्यांना याही साली कुणी घेतलं नव्हतं. बबिताला बघून तिनं तोंड फिरवलं. मी हात जोडले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. दोन डिस्का. एकीला कुलूप, दुसरीला नाही. बोलताना मलाच ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय.

केशरबाईनं ऐकून घेतलं. मग सूप बाजूला ठेवलं. "सायब, तुमीच ना ते? विहारात म्हनले व्हते, देवाला बी उघडायचं न्हाई?"

"हो."

"आन् आता म्हनता उघडंच व्हतं."

"हो, मावशी. तेव्हा माझं चुकलं."

"तवाचं खरं धरावं का आताचं?" तिचा आवाज चढला. "तवा तर कागद आनला व्हता. सई केलती. सगळ्या गल्लीनं बगितली. आता नुसतं तोंडानं सांगायलाव. ही पोरगी आज चाललीया तवा हिच्या मनासारकं बोलायलाव का?"

"कागद देतो," मी म्हणालो.

बबितानं वहीतलं पान फाडून आणलं. मी केशरबाईच्या ओट्यावर कागद ठेवून लिहिलं. लिहिताना ताईंचा चेहरा समोर आला, मग प्राचार्यांचा, मग महिन्याच्या एक तारखेला येणारा मोबाईलवरचा पगाराचा मेसेज. मी लिहिलं: जुन्या मशीनमधील तांत्रिक त्रुटीमुळे काही रेकॉर्डिंग अनवधानाने बाहेर गेले. त्यात कोणाचाही दोष आढळून आलेला नाही. खाली तारीख टाकली आणि कागद बबिताच्या हातात दिला.

तिनं तो वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग तिथल्या तिथं माझ्यासमोर धरला.

"माझ्या वेळेस तुमी आडनावासकट लिहिलं होतं, सर," ती म्हणाली. "बापाचं नाव बी घातलं होतं. आता तुमचं घाला. नागेशनं दुसऱ्या डिस्कला कुलूप घातलं न्हाई. एवढंच लिहा. बाकी काई नको मला."

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. तिच्या बापानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली. पेन माझ्या हातातच होतं. नाव लिहायला किती वेळ लागतो?

"ताईंना एकदा विचारावं लागेल," मी म्हणालो.

बबितानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, निदान मला तरी दिसला नाही. राग असता तर बरं वाटलं असतं. तिनं कागद ओट्यावर ठेवून दिला.

"काय लिव्हलंय त्याच्यात?" केशरबाईनं विचारलं. "कुनी केलं म्हनं?"

"कुनीच न्हाई, मावशी," बबिता म्हणाली. "कुनाचाच दोष न्हाई, असं लिहिलंय."

"कुनीच न्हाई कसं? माजा आवाज काय आपल्या पायानं चालत गेला व्हता ट्रॅक्टरवर?" केशरबाईनं माझ्याकडं बघितलं. मी पेनाला टोपण लावत होतो. तिनं मग बबिताकडं बघितलं, पार डोक्यापासून पायापर्यंत.

"मंजी तूच," म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.